रानातले भूत आणि रिकामा खिसा

गेल्या दिवाळीत भाऊबिजेच्या रात्री आमच्या घरी वीस-बावीस माणसे जमली होती. जेवणे झाली, पत्ते झाले, धाकट्यांचे फटाके संपले. मग कॉलेजात जाणाऱ्या भाचरांनी दिवाणखान्यातले दिवे मालवले, टीव्हीवर एक इंग्रजी भयपट लावला आणि आम्हा वडीलधाऱ्यांनाही सक्तीने बसवून ठेवले. तीन तरुण माणसे रानात जातात, वाट चुकतात, रात्री तंबूबाहेर कसले कसले आवाज येतात, आणि एकेक जण नाहीसा होतो. सव्वा तास कोणी चकलीचा तुकडाही मोडला नाही. चित्रपट संपला, दिवे लागले, आणि आमच्या शहाऐंशी वर्षांच्या मावशी म्हणाल्या, "ते सगळं झालं रे, पण यात भूत कुठे होतं?"

पोरे खो खो हसली. मला मात्र प्रश्न अगदी रास्त वाटला. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' हा तो चित्रपट, १९९९ सालचा. विच म्हणजे चेटकीण. पण सबंध चित्रपटात ती चेटकीण एकदाही दृष्टीस पडत नाही. लग्नात नवरदेवानेच यायचे राहून जावे, तसला हा प्रकार! आणि तरीही या चित्रपटाने जगभर सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलरांचा गल्ला जमवला. मावशींना उत्तर द्यायचे म्हणून मी या रानातल्या चित्रपटांच्या मागे मागे जाऊ लागलो, तेव्हा जो इतिहास हाती लागला त्यात भुते थोडीच आहेत. तो बराचसा उसनवारीचा, कडाक्याच्या थंडीचा आणि अर्धपोटी हिंडणाऱ्या माणसांचा इतिहास आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भयपट काढायचा म्हणजे पूर्वी वाडा लागे. गडगडणारी वीज, करकरणारे दरवाजे, कोळिष्टकांनी भरलेले जिने, काळे झगे घातलेली दहा-बारा माणसे, हे सारे हॉलिवूडच्या बड्या चित्रसंस्थांना परवडे. कारण त्यांच्या आवारात असले वाडे कायमचे उभेच असत. या संस्थांच्या बाहेर राहून, स्वतःच्या नाहीतर आप्तेष्टांच्या पैशाने चित्रपट काढू पाहणाऱ्याने काय करावे? त्याने रानात जावे. रानाला भाडे द्यावे लागत नाही. तिथे कॅमेऱ्यापुढे आडवे येणारे बघे नसतात, रात्री-अपरात्री किंकाळ्या फोडल्या तरी शेजारी तक्रार करीत नाहीत. चार-पाच नट पुरतात, कारण निर्जन ठिकाणी सहावा माणूस का नाही, असे कोणी विचारीत नाही. आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे अंधार! दिव्याचा उजेड जेवढ्या जागेवर पडेल तेवढेच जग उभे करायचे. त्याच्या पलीकडचे सगळे प्रेक्षकाने आपल्या मनाने भरून घ्यावे. आमच्या लहानपणी कोकणात कंदील घेऊन परसात जाण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्याला कंदिलाच्या वर्तुळापलीकडे काय असते हे सांगायला नको.

अर्थात कंजूषपणाला साथ द्यायला भीतीची जुनी परंपराही होती. सतराव्या शतकात इंग्लंडहून येऊन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेल्या कर्मठ ख्रिस्ती लोकांच्या लेखी कुंपणापलीकडचे अरण्य म्हणजे सैतानाचा मुलूख होता. १८३५ साली नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाने एका तरुणाची कथा लिहिली. तो रात्री रानात जातो आणि तिथे गावातलीच सोज्ज्वळ माणसे सैतानाच्या मेळाव्यात जमलेली त्याला दिसतात. आपल्याकडची तऱ्हा निराळी. आपल्या अरण्यात ऋषींचे आश्रम असतात, वनवासाला गेलेली देवमाणसे असतात. भुते मात्र गावाला चिकटून राहतात. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीच्या काठाशी, वेताळ शिवेवर. अमेरिकन भूत माणसांच्या वाऱ्याला उभे राहत नाही. त्याला भेटायला मैलोगणती आत जावे लागते, आणि परत येण्याची वाट सापडत नाही.

या वाटेवरचा एक आद्य प्रवासी म्हणजे चार्ल्स पिअर्स. आर्कान्सा आणि टेक्सास या राज्यांच्या सीमेवरच्या टेक्सारकाना गावातला हा जाहिरातींचा धंदा करणारा गृहस्थ. जवळच्या फोक नावाच्या खेड्याभोवती दलदलीचे रान आहे, आणि त्या रानात केसाळ, दोन पायांवर चालणारा कसलासा प्राणी हिंडतो अशी बोलवा १९७१ साली वर्तमानपत्रांतून गाजत होती. पिअर्सने ट्रेलर तयार करणाऱ्या एका स्थानिक कारखानदाराकडून कर्ज काढले, त्याच खेड्यातल्या शेतकऱ्यांना नि शिकाऱ्यांना कॅमेऱ्यापुढे आणले, आणि माहितीपट असावा अशा थाटात 'द लेजंड ऑफ बॉगी क्रीक' हा चित्रपट १९७२ साली पुरा केला. खर्च सुमारे एक लाख साठ हजार डॉलर. वितरक मिळेना, तेव्हा त्याने टेक्सारकानातले एक थिएटर स्वतःच भाड्याने घेतले. पुढे या चित्रपटाने दोन कोटी डॉलरांच्या घरात कमाई केली. त्यातला तो केसाळ प्राणी धड दिसत नाहीच. झाडांच्या आडून एखादी काळी आकृती सरकते, एवढेच. पण "हे खरोखर घडले आहे" असे धीरगंभीर आवाजात सांगितले की माणसे कशी निमूट ऐकतात, हा धडा या चित्रपटाने घालून दिला. तो धडा ज्या दोन मुलांनी मनात धरून ठेवला त्यांची गाठ आपल्याला पुढे पडायची आहे.

आता मिशिगन राज्यात जाऊ. तिथे डेट्रॉइट शहराच्या आसपास वाढलेली काही मित्रमंडळी होती. सॅम रेमी हा त्यांतला दिग्दर्शक, ब्रूस कॅम्बेल हा देखणा म्हणून नायक, आणि रॉबर्ट टॅपर्ट हा हिशेब ठेवणारा. आठ मिलिमीटरच्या घरगुती फिल्मवर ही मुले विनोदी चित्रपट काढीत. विनोदी चित्रपटाला पैसे कोणी देईना. मोटारीत बसल्या बसल्या चित्रपट पाहण्याची जी उघड्यावरची थिएटरे तिकडे असत, तिथे जाऊन त्यांनी निरीक्षण केले, तेव्हा स्वस्तातले भयपट प्रेक्षक आवडीने पाहतात असे त्यांच्या लक्षात आले. हे लोक भुताखेतांच्या ओढीने भयपटांकडे वळले नाहीत, दुकान चालेल म्हणून वळले. हे मला फार प्रामाणिक वाटते.

१९७८ साली त्यांनी सोळाशे डॉलरांत 'विदिन द वुड्स' हा अर्ध्या तासाचा नमुना तयार केला. तो घेऊन, अंगात कोट, गळ्यात टाय नि हातात ब्रीफकेस अशा थाटात ही विशीतली पोरे गावातल्या व्यापाऱ्यांना, वकिलांना भेटत सुटली. नमुना दाखवायचा आणि भांडवल मागायचे. सुमारे ९० हजार डॉलर जमले. ते संपल्यावर पुन्हा कर्जे, पुन्हा आर्जवे. कॅम्बेलच्या घरच्यांची जमीनही त्या पायी तारण पडली. शेवटी एकूण खर्च पावणेचार लाखांच्या आसपास गेला असे म्हणतात.

मिशिगनमध्ये हिवाळा फार, म्हणून ही मंडळी नोव्हेंबर १९७९ मध्ये दक्षिणेला टेनेसी राज्यातल्या मॉरिसटाऊन गावी गेली. आणि नशीब असे की त्या वर्षी टेनेसीतच कडाक्याची थंडी पडली! चित्रणासाठी मिळालेले रानातले घर वर्षानुवर्षे ओसाड होते. वीज नाही, नळ नाही, आणि आत गुरे शिरत असल्यामुळे जमिनीवर शेणाचा कित्येक इंचांचा थर. तो खरवडून काढण्यापासून कामाला सुरुवात झाली. पहिल्याच दिवशी सगळी मंडळी रानात वाट चुकली. सहा आठवड्यांचे काम बारा आठवडे लांबले. शेवटी शेवटी तर घरातले सामानसुमान शेकोटीत घालून हात शेकण्याची पाळी आली.

या चित्रपटाचे नाव 'द ईव्हिल डेड'. कथा सांगण्यासारखी काही नाही. पाच तरुण मुले-मुली रानातल्या घरात सुट्टीला जातात, तिथे तळघरात एक जुनाट पुस्तक नि ध्वनिफीत सापडते, फीत वाजवल्यावर रानातले काहीतरी जागे होते आणि एकेकाच्या अंगात शिरते. अंगात आल्यानंतरची सोंगे पडद्यावर भरपूर आहेत. पण ते जे रानातले 'काहीतरी', ते कसे दाखवायचे? त्याला रूप द्यायचे तर कारागीर हवेत, यंत्रे हवीत, आणि पैसे हवेत. रेमीने तोडगा काढला तो असा. एका लांब फळीच्या मध्यावर कॅमेरा घट्ट बसवला, फळीची दोन टोके दोघांनी धरली, आणि दोघे जमिनीलगत, झाडाझुडपांतून, डबक्यांवरून धावत सुटले. दोघांचे हिसके मधल्या कॅमेऱ्यापर्यंत पोचेपर्यंत निवळतात, आणि पडद्यावर जे दिसते ते तरंगत, वळसे घेत, घराच्या रोखाने येणाऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांना दिसावे तसे! म्हणजे भूत दाखवायचेच नाही. भुताला काय दिसते ते दाखवायचे. प्रेक्षक ज्याला भ्यायचा, त्याच्याच डोळ्यांत त्याला नेऊन बसवले. महागड्या यंत्राने हेच काम गुळगुळीत झाले असते, पण त्यात ही आडदांड भूक आली नसती असे मला वाटते. पुढे या युक्तीची नक्कल करणाऱ्यांना तोटा राहिला नाही.

रक्ताची गंमत तर आपल्या गृहिणींना विशेष समजेल. ते मक्याच्या गोड पाकात खायचा रंग आणि कॉफीत घालायची दुधाची भुकटी मिसळून केलेले असे. कॅम्बेलचा सदरा रोज त्या पाकात भिजे. एके दिवशी तो शेकोटीपाशी वाळत घातला, तर पाक असा पक्का झाला की अंगात घालू जाता सदरा चिक्कीसारखा तुटला!

हसून झाल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अंगात आलेल्या माणसांचे पांढरे डोळे दाखवण्यासाठी जाड भिंगे डोळ्यांत बसवीत. ती एका वेळी पंधरा मिनिटांपलीकडे ठेवणे धोक्याचे असे. चेहऱ्याचा साचा काढताना बेट्सी बेकर या नटीच्या पापण्यांचे केसच उपटून आले. कॅम्बेलचा घोटा उतारावर मुरगळला, तेव्हा दुःखाचे हावभाव खरे यावेत म्हणून मित्रमंडळी त्या घोट्याला काठ्यांनी डिवचीत. ठरलेली मुदत संपताच कॅम्बेलखेरीज बाकीचे नट घरी गेले. मग उरलेल्या दृश्यांत त्यांचे हात, पाय, पाठ म्हणून जो हाताशी सापडेल त्याला उभे केले. नटीवर झाडे झडप घालतात असाही एक प्रसंग चित्रपटात आहे. त्याचे वर्णन दिवाळी अंकात करता येणार नाही. तो तसा घ्यायला नको होता, असे खुद्द रेमीने पुढे बोलून दाखवले.

संकलनाच्या वेळी सहायक म्हणून जोएल कोएन नावाचा एक तरुण होता. आधी नमुना काढून मग भांडवल मागण्याची युक्ती त्याने इथे पाहिली आणि भाऊ ईथनसह 'ब्लड सिंपल' या आपल्या पहिल्या चित्रपटासाठी तीच वापरली. पुढे हे दोघे भाऊ अमेरिकेतले मातब्बर दिग्दर्शक झाले. रेमीचा चित्रपट १५ ऑक्टोबर १९८१ रोजी डेट्रॉइटच्या रेडफर्ड थिएटरात प्रथम दाखवला गेला, तेव्हा त्याचे नाव 'बुक ऑफ द डेड' असे होते. अर्व्हिन शपिरो नावाच्या जुन्या-जाणत्या विक्रेत्याला हे नाव कंटाळवाणे वाटले, म्हणून ते बदलले. त्याने चित्रपट १९८२ मध्ये कान येथे नेला. तिथे तो भयकथाकार स्टीफन किंग याच्या पाहण्यात आला. किंगने एका मासिकात अशी भरभरून स्तुती केली की अमेरिकेतले वितरक जागे झाले. इंग्लंडात १९८३ मध्ये चित्रपटगृहांतून आणि व्हिडिओ कॅसेटवर तो एकदमच आला. कॅसेट तुफान खपली. आणि खपली म्हणूनच नीतिरक्षकांच्या डोळ्यांवर आली. मेरी व्हाइटहाउस या बाईंनी असल्या 'ओंगळ' चित्रफितींविरुद्ध मोहीमच उघडली होती. तीत या चित्रपटाचे नाव अग्रभागी होते. १९८४ साली पार्लमेंटाने व्हिडिओ फितींना प्रमाणपत्र सक्तीचे करणारा कायदा केला. टेनेसीच्या रानात मक्याचा पाक ढवळणाऱ्या पोरांनी ब्रिटनच्या पार्लमेंटला कामाला लावावे, ही गोष्ट मला चित्रपटापेक्षाही अद्भुत वाटते.

रेमी पुढे बडा माणूस झाला. २००२ सालचा 'स्पायडरमॅन' त्याचाच. मॉरिसटाऊनचे ते घर मात्र नंतर जळून गेले. धुराडे तेवढे मागे राहिले.

आता 'ब्लेअर विच'कडे वळू. मघाशी म्हटलेली ती दोन मुले म्हणजे डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ. 'बॉगी क्रीक'सारख्या माहितीपटांच्या थाटातल्या गोष्टींनी लहानपणी आपल्याला खरी भीती घातली, असे ती दोघे सांगत. फ्लॉरिडात चित्रपटाचे शिक्षण घेत असताना १९९३ च्या सुमारास त्यांच्या मनात आले की, तीन विद्यार्थी एका चेटकिणीवर माहितीपट काढायला रानात गेले, परत आलेच नाहीत आणि वर्षभराने त्यांच्या फिती तेवढ्या सापडल्या, असे सांगून त्या फितीच लोकांना दाखवल्या तर? चेटकीण बनावट, दंतकथा बनावट. मेरीलँड राज्यातले बर्किट्सव्हिल हे गाव तेवढे खरे.

चित्रण झाले ऑक्टोबर १९९७ मध्ये, आठ दिवस, बहुतेक सेनेका क्रीक या राखीव रानात. सुरुवातीचा खर्च ३५ ते ६० हजार डॉलर. म्हणजे अठरा वर्षांपूर्वीच्या 'ईव्हिल डेड'च्या मानाने चिल्लरच.  हेदर डोनाह्यू, जोशुआ लेनर्ड आणि मायकल विल्यम्स या तीन नटांच्या हातीच कॅमेरे दिले होते. संवाद लिहिलेले नव्हते. दिशा दाखवणारे एक उपकरण हाती देऊन ठरलेल्या जागी जायचे. तिथे फिल्मच्या छोट्या डब्यांत प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी ठेवलेली असे. आज तू चिडायचे, तू वाट चुकल्याचे कबूल करायचे, असले काही त्यात असे, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वाचायची नाही. रात्री दिग्दर्शक आणि त्यांचे साथीदार गुपचूप येऊन तंबू गदगदा हलवीत, पोरांच्या आवाजाच्या फिती वाजवीत. आणि अन्न? ते दिवसेंदिवस कमी केले जाई, म्हणजे कुरकुर आणि भांडणे आपोआप खरी व्हावीत. ही व्यवस्था ज्याच्या कल्पनेतून आली तो निर्माता ग्रेग हेल सैन्यात प्रशिक्षण घेतलेला होता, हे कळले म्हणजे उलगडा होतो. मावशींना हे सांगितले, तेव्हा त्या भुताचे विसरूनच गेल्या. "त्या मुलीला उपाशी ठेवलं?" एवढेच त्या पुन्हा पुन्हा विचारीत राहिल्या.

मात्र भूत दाखवण्याचा एक प्रयत्न झाला होता बरे का! एका रात्री कलादिग्दर्शकाला पांढरे कपडे घालून, तोंडावर पांढरा मोजा ओढून झाडांतून पळवले. हेदर धावता धावता त्याला पाहून जीव खाऊन ओरडली. पण कॅमेरा वेळेत तिकडे वळला नाही. ओरडणे फितीवर आले, भूत राहून गेले. तेच बरे झाले. पांढऱ्या मोज्यातला कलादिग्दर्शक दिसला असता, तर भाऊबिजेच्या रात्री आमच्या दिवाणखान्यात हशा पिकला असता. भूत दाखवायला पैसे नव्हते हे मावशींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर. आणि जे फुकटात दाखवता आले असते ते नेमके हुकले, हे उरलेले अर्धे.

जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स येथील महोत्सवात तो मध्यरात्री दाखवला गेला, आणि आर्टिझन या कंपनीने सुमारे ११ लाख डॉलरांना विकत घेतला. इंटरनेट तेव्हा नवे होते. निर्मात्यांनी आधीच त्यावर चेटकिणीचा इतिहास, पोलिसी कागद, बेपत्ता विद्यार्थ्यांची छायाचित्रे असे सारे बेमालूम मांडून ठेवले होते. नटांची खरी नावेच पात्रांना दिलेली. तेव्हा ते जिवंत दिसले तर सगळेच मुसळ केरात! म्हणून चित्रपट गाजत असताना त्यांनी लोकांपुढे यायचे नव्हते. हेदरच्या आईला दुखवट्याची पत्रे येऊ लागली. दोनशेच्या आतबाहेर वस्तीच्या बर्किट्सव्हिलमध्ये चेटकीण शोधायला झुंडी लोटल्या आणि गावाच्या नावाच्या पाट्यासुद्धा उपटून नेल्या गेल्या.

इथवर गंमत होती. पण या धंद्यात पैसे कोणाचे आणि हाल कोणाचे, हा हिशेब मॉरिसटाऊनलाच सुरू झाला होता, आणि इथे तो फार उघडा पडला. मॉरिसटाऊनला दिग्दर्शक, नायक, निर्माता तिघेही एकाच चिखलात रुतलेले होते; कर्जही त्यांचेच, पुढचा फायदाही त्यांचाच. सेनेका क्रीकच्या रानात छायालेखन, संवाद, अभिनय हे सारे ज्या तिघांनी केले, त्यांच्या वाट्याला कोट्यवधींच्या मानाने फारच थोडे आले. चित्रपटाने दहा कोटींचा पल्ला ओलांडला, तेव्हा कंपनीकडून फळांची एक करंडी आली, असे त्यांनी सांगितले आहे. २००० साली दुसरा भाग निघाला, त्यात त्यांची नावे आणि चेहरे वापरले गेले, तेव्हा ते कोर्टात गेले. प्रत्येकी सुमारे तीन लाख डॉलरांवर तडजोड झाली. स्वतःचे नावच दुसऱ्याच्या मालकीचे होणे, ही खरी भुताटकी. अंगात येणे दुसरे काय असते?

रानाची वाट मात्र ओस पडली नाही. २००२ साली 'केबिन फीव्हर' आला. २०१५ मध्ये रॉबर्ट एगर्सने 'द विच'मध्ये सतराव्या शतकातल्या त्या कर्मठ कुटुंबालाच रानाच्या कडेला नेऊन बसवले. तो चांगला आहे, आणि त्यात चेटकीण दिसते.

एप्रिल २०२४ मध्ये 'ब्लेअर विच'चे हक्क बाळगणाऱ्या लायन्सगेट कंपनीने नवा चित्रपट काढण्याचे जाहीर केले. तेव्हा त्या तिघांनी मिळून एक जाहीर पत्र लिहिले. १९९७ साली विशीत असलेली ती माणसे आता पन्नाशीच्या आसपास आली होती. त्यांच्या मागण्या तीन. एक, मूळ चित्रपटाच्या कमाईतला रास्त वाटा मागील काळापासून मिळावा. दुसरी, पुढे त्यांची नावे किंवा चेहरे जिथे येतील तिथे त्यांना विचारले जावे. आणि तिसरी अशी की, कंपनीने दरवर्षी ६० हजार डॉलर, म्हणजे त्यांच्या चित्रपटाला लागले तेवढे, कोणा तरी नवख्या, अनोळखी भयपटकाराला द्यावेत. आणि त्याने काढलेल्या चित्रपटाची मालकी त्याचीच राहावी.

यंदा भाचरे 'ईव्हिल डेड' आणणार आहेत. मावशींनी आधीच चौकशी केली, "त्यात तरी भूत आहे ना?" आहे म्हटले, पुष्कळ आहेत. पण फराळ आधी उरकून घ्या, पाकाचे पदार्थ तर अगदी आधी.